दोष सिद्ध होईपर्यंत

(न्हावरे येथे मंडळीच्या सभेत केलेले भाषण)



“पारधी वस्तीवर तुम्ही मुलांना शिकवता, औषधे देता, हे चांगलेच, पण दरोड्या-खुनाच्या आरोपींच्या जामिनासाठी का धावता?” असे मंडळीतली माणसे मला विचारतात. प्रश्न प्रामाणिक आहे. ज्याच्या घरावर दरोडा पडला त्याची भीती खरी असते. म्हणून आज त्याविषयीच बोलतो.

जून २००३ मध्ये जालना जिल्ह्यात भोकरदनजवळ एका कुटुंबावर दरोडा पडला. पाच जण मारले गेले, स्त्रियांवर अत्याचार झाला. पोलिसांनी भटक्या जमातीतील सहा गरीब मजुरांना पकडले. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. पुढे ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने फेरविचार करून सहाही जणांना निर्दोष सोडले. वाचलेल्या साक्षीदार स्त्रीने पोलिसांकडील फोटोंतून दुसऱ्याच चौघांना ओळखले होते. त्या चौघांवर खटलाच भरला गेला नव्हता. सरकारने प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश झाला. पण तुरुंगात गेलेली सोळा वर्षे कोण भरून देणार? आणि त्या उद्ध्वस्त कुटुंबाला तरी न्याय कुठे मिळाला?

असे का होते? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसारख्या जमातींवर जन्मापासूनच शिक्का मारला. १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण लोकांच्या मनातला शिक्का गेला नाही. गावात चोरी झाली की पहिली जीप अजूनही वस्तीवरच येते.

जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे. आरोपीने बाहेर राहून प्रत्येक तारखेला हजर राहायचे, साक्षीदारांना धमकवायचे नाही. तो पळून जाईल किंवा पुरावा नष्ट करील असे दिसले, तर गंभीर गुन्ह्यात न्यायालय जामीन नाकारते, आणि ते योग्यच आहे. पण कोठडी ही शिक्षा नव्हे. शिक्षा दोष सिद्ध झाल्यावर द्यायची असते.

फादर स्टॅन स्वामी यांचे नाव आपल्याला ठाऊक आहे. झारखंडच्या आदिवासींत त्यांनी आयुष्य घालवले. आपल्याच शिरूर तालुक्यातील कोरेगाव भीमाच्या प्रकरणात ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांना अटक झाली. वय ८३, अंगात कंपवात. यूएपीए कायद्यात आरोप सकृतदर्शनी खरा वाटला तरी जामीन नाकारला जातो. ५ जुलै २०२१ रोजी, जामिनाचा अर्ज उच्च न्यायालयात प्रलंबित असतानाच, ते वांद्र्याच्या रुग्णालयात वारले. ते दोषी की निर्दोष, हे कोणत्याही न्यायालयाने ठरवलेच नाही.

वस्तीवरची अडचण याहून साधी असते. जामीन मंजूर होतो, पण जामीनदार मिळत नाही. सातबारा नाही, घराचा उतारा नाही, कोणी ओळख देत नाही. मग मंजूर झालेला जामीन कागदावरच राहतो आणि घरी बायको-लेकरे उपाशी राहतात.

म्हणून तीन गोष्टी ध्यानात ठेवा. अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला आणि कोठडीतील कोणालाही विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवसांत आणि इतर गुन्ह्यांत ६० दिवसांत आरोपपत्र दाखल झाले नाही, तर आरोपी जामीन मागू शकतो आणि तो त्याचा हक्क असतो. तिसरी, जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यानुसार पूर्वी कधीही कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या आरोपीने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत काढला, तर त्याला जामिनावर सोडायचे आहे. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना मात्र हे लागू नाही. एकाहून अधिक खटले असतील तरी ही सवलत मिळत नाही, आणि आमच्या वस्तीवर नेमके तेच घडते: एकाच माणसाच्या नावावर जुनी-नवी अनेक प्रकरणे चढवलेली असतात.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात सारे अधिकारी प्रभूवर संतापले असताना निकदेमाने एकच प्रश्न केला: माणसाचे ऐकून घेण्याआधीच आपले नियमशास्त्र त्याला दोषी ठरवते काय? त्याने प्रभूची बाजू घेतली नाही, फक्त ऐकून घ्या म्हटले. तेवढ्यावरही त्याला टोमणे ऐकावे लागले.

आपणही तेवढेच करू या. मारल्या गेलेल्यांसाठी रडू या, खऱ्या गुन्हेगाराला शिक्षा व्हावी म्हणून प्रार्थना करू या आणि ज्याचा दोष ठरलेला नाही त्याच्यासाठी, ज्यांच्याकडे सातबारा आहे त्यांनी, जामीनदार म्हणून उभे राहण्याचा विचार करावा. जबाबदारी मोठी आहे. माणूस नीट ओळखूनच ती घ्या. पण एकदा घेतली की तारखेच्या दिवशी त्याच्यासोबत न्यायालयात चला.

देव आपणांस आशीर्वाद देवो.