शेणाच्या घरातला कावळा

दोस्तांनो, कवितेवर बोल म्हणून मला बोलावलंत आणि मी बोलणार आहे चिऊकाऊवर. हसून घ्या. माझी पोरगी पाच वर्षांची आहे. दिवा घालवला की तिला गोष्ट लागते, आणि तिथं माझी जी भंबेरी उडते ती आपल्या कुठल्याही चर्चेत उडालेली नाही.

आमची आय झाडूखात्यात होती. दमून यायची, तरी गोष्ट सांगायची. तीच ती. कावळ्याचं शेणाचं घर पावसात वाहून जातं. तो भिजत चिमणीचं दार ठोठावतो. ती आतून म्हणते, थांब, बाळाला न्हाऊ घालते. थांब, तीट लावते. थांब, झोपवते. आम्ही भावंडं खदाखदा हसायचो. कावळ्याला. वर पत्रा गळतोय, अंथरुणाभोवती पातेली मांडलेली, टपटप चालू, आणि आम्ही शेणाच्या घरवाल्याला हसतोय! आपण चिमणीच्या बाजूचे, हे आम्हाला कुणी शिकवलं? आयनं नाही. तिला तिच्या आयनं सांगितलेली. गोष्टीनंच शिकवलं. बोध काय, तर घर पक्कं बांधा. मेण कुणाला मिळतं आणि शेण कुणाच्या वाट्याला येतं, याबद्दल गोष्ट चकार शब्द काढत नाही.

पंचतंत्र तर उघडच सांगतं. विष्णुशर्म्यानं ते अमरशक्ती राजाच्या तीन मठ्ठ पोरांना शहाणं करायला रचलं. पहिलाच भाग मित्रामित्रांत फूट कशी पाडावी याचा. राजपुत्रांना ते लागणारच. आपल्या पोरांना ते बाळकडू म्हणून जसंच्या तसं पाजायचं?

पण सगळंच गटारात फेका असंही मी म्हणत नाही. इसाप गुलाम होता असं हेरोडोटसनं लिहून ठेवलंय. त्याच्या नावावरची लांडगा आणि कोकराची गोष्ट बघा. कोकरू ओढ्याच्या खालच्या अंगाला, तरी पाणी गढूळ केल्याचा आळ त्याच्यावर. 1927 साली महाडला चवदार तळ्याचं पाणी आपण प्यालो आणि त्यांनी ते गोमूत्र ओतून शुद्ध केलं. तेव्हा ही गोष्ट ग्रीकांची म्हणून सोडून देऊ नका.

एकलव्य आमच्या घरात शाळेतून आला, गुरुभक्तीची गोष्ट म्हणून. पोरगी म्हणाली, मग द्रोणानं अंगठा ठेवला कुठं? मला उत्तर आलं नाही.

एक कार्यकर्ता मित्र म्हणाला, कशाला डोकं पिकवतोस, बाबासाहेबांची गोष्ट सांग. सांगितली. 1901 सालची, त्यांनीच लिहिलेली. भीमराव आणि बरोबरची पोरं बापाला भेटायला गोरेगावला निघतात. मसूर स्टेशनवर उतरतात. महार म्हटल्यावर स्टेशनमास्तर मागं सरकतो. गाडीवाला दुप्पट भाडं घेतो, पण गाडी पोरांनीच हाकायची, तो शेजारून चालणार. बरोबर खायला भरपूर, पाणी मात्र कुणी देईना. पोरं तशीच उपाशी झोपतात.

माझी पोरगी उठली. मोरीजवळ गेली, तांब्या भरला, उशाशी ठेवला. काही बोलली नाही. आता रोज ठेवते.

बायको माझ्यावर उखडली. पाच वर्षांच्या लेकराला झोपताना हे सांगतात होय? मी म्हटलं, मग कधी? शाळेत कुणी आडनावावरून विचारेल तोवर थांबायचं? ती म्हणाली, तिला आधी झोपायला तरी शिकू दे. तिचंही खोटं नाही. माझंही नाही. आणि आयनं आम्हाला हसवलं, ते तरी खोटं कसं म्हणू? गळक्या पत्र्याखाली तिला दुसरं काय देता आलं असतं?

भांडण अजून मिटलेलं नाही. काल पोरगीनं पुन्हा चिऊकाऊच मागितली. कावळा दारात येईपर्यंत सांगितली आणि अडकलो. चिमणीनं दार उघडलं म्हणावं तर थाप होते. ती तोवर झोपून गेली होती, म्हणून सुटलो.

तुमच्यापैकी ज्यांना पोरं आहेत त्यांनी आता बोला. मी बसतो. जयभीम.