परक्याचा मोर्चा आणि घरचा मोर्चा

(कनेरगाव नाका, जि. हिंगोली येथे शेतकरी व कारागीर मंडळींपुढे झालेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून तुमच्यापैकी कित्येकांनी मनात म्हटले असेल की, इकडे सोयाबीनला भाव नाही, सुताराला काम नाही, आणि हा गृहस्थ आम्हाला परमुलखातले मोर्चे सांगायला आला आहे! जर्मनीत कोणी ट्रॅक्टर रस्त्यावर आणले, ढाक्यात विद्यार्थ्यांनी दंगा केला, त्याच्याशी कनेरगावच्या कुणब्याला काय कर्तव्य? शंका रास्त आहे. तिचे उत्तर दिल्याशिवाय मी पुढे जाणार नाही.

परमुलूख ह्या गावाला नवा नाही. गावाच्या नावातच नाका आहे. १९४८ सालापर्यंत हिंगोली निजामाच्या राज्यात होती आणि वाशीम वऱ्हाडात होते. त्या वऱ्हाडावर १९४७ पर्यंत इंग्रजांचा अंमल होता. वाशीमच्या बाजाराला निघालेला गाडीवान दोन कोसांत एक राजा सोडून दुसऱ्याच्या हद्दीत शिरे. निजामाच्या हद्दीत सभा भरवायची तर सरकारची परवानगी हवी. तो हुकूम ‘गश्ती निशाण ५३’ ह्या नावाने जुन्या माणसांच्या ध्यानात असे. पलीकडे निजामाविरुद्ध छापणे त्या मानाने सोपे होते. मात्र इंग्रज सरकारविरुद्ध दोन ओळी लिहायच्या तर संपादकाला जामीनकीची रक्कम डोळ्यांपुढे दिसे. शेजारच्या राजाचा जुलूम छापणे सोपे आणि आपल्या राजाचा छापणे अवघड, हा धडा तुमच्या आजे-पणज्यांनी ह्याच रस्त्यावर गिरवला आहे. आज राजे गेले आहेत, छापखान्यांच्या जोडीला दूरचित्रवाणी आणि मोबाईल आला आहे, पण धडा बदललेला नाही.

२०२४ सालच्या हिवाळ्याची गोष्ट घ्या. जर्मन सरकारने शेतकऱ्याच्या डिझेलवरची सवलत काढण्याचे ठरविले. जानेवारीत हजारो ट्रॅक्टर बर्लिन शहरात शिरले आणि तिथल्या प्रसिद्ध दरवाजापुढे उभे राहिले. अर्थमंत्री लिंडनर स्वतः त्या सभेत गेले. लोकांनी त्यांची हुर्यो उडविली, शिट्ट्या मारल्या, तरी ते बोलले. सरकारने काही सवलती ठेवल्या, काही टप्प्याटप्प्याने काढायचे म्हटले. त्याच महिन्यात फ्रान्सच्या शेतकऱ्यांनी पॅरिसकडे जाणारे रस्ते अडविले, सरकारी कचेऱ्यांपुढे शेणखत ओतले. पोलिसांनी काहींना धरलेही. पण पंतप्रधान अत्ताल ह्यांनी डिझेलवरची करवाढ मागे घेतली. आपल्याकडच्या वाहिन्यांनी ही चित्रे मोठ्या कौतुकाने दाखविली. शेणखताची गाडी उलटी होते, लोक हसतात, मौज वाटते!

पुढे एक महिनाही गेला नाही. १३ फेब्रुवारी २०२४ रोजी पंजाबचे शेतकरी हमीभावाच्या कायद्यासाठी दिल्लीला निघाले. त्यांना हरियाणाच्या हद्दीवर शंभू येथे अडविले. रस्त्यावर सिमेंटच्या भिंती, खाली खिळे, आणि वरून यंत्रपाखरांतून अश्रुधुराच्या नळकांड्या. मंत्री चंदीगडला जाऊन बोलणी करीत होते, हे न सांगणे अन्यायाचे होईल. ती बोलणी फिसकटली आणि २१ फेब्रुवारीला खनौरीच्या हद्दीवर एक तरुण शेतकरी प्राणास मुकला. आता मला सांगा, बर्लिनचा ट्रॅक्टर राजधानीत शिरला तर ती लोकशाहीची शोभा, आणि पतियाळाचा ट्रॅक्टर राजधानीपासून शे-दोनशे किलोमीटरवर असतानाच ते देशावरचे संकट, हा हिशेब कोणत्या शाळेत शिकवितात?

ह्याच्याही आधी, २०२० साली तीन शेती कायद्यांविरुद्ध शेतकरी दिल्लीच्या वेशीवर वर्षभर बसले. त्या वेळचे कॅनडाचे पंतप्रधान ट्रूडो ह्यांनी नोव्हेंबरअखेर काळजी व्यक्त केली. आपल्या परराष्ट्र खात्याने, हे बोलणे अपुऱ्या माहितीचे आणि अनावश्यक आहे असे सुनावले व त्यांच्या राजदूतास बोलावून समज दिली. २ फेब्रुवारी २०२१ रोजी रिहाना नावाच्या गाणारणीने एका ओळीत, ह्याबद्दल आपण का बोलत नाही, असे विचारले. दुसऱ्याच दिवशी सरकारचे पत्रक निघाले, आणि सचिन तेंडुलकर, लता मंगेशकर अशी महाराष्ट्राची लाडकी माणसे देशाच्या एकीचा उपदेश करू लागली. त्यांचा अधिकार मोठा आहे, मी नाकारीत नाही. पण शेतकरी थंडीत दोन महिने बसला होता तेव्हा एक शब्द नाही, आणि परदेशातून एक ओळ आली की एका दिवसात इतके शब्द! ८ फेब्रुवारीला राज्यसभेत पंतप्रधानांनी ‘आंदोलनजीवी’ हा नवा शब्द दिला. त्याच पंतप्रधानांनी १९ नोव्हेंबर २०२१ रोजी कायदे मागे घेत असल्याचे जाहीर केले. मागणी इतकी खोटी असती तर हे घडले नसते.

पण थांबा. ट्रूडोसाहेबांची आरती करण्याचेही कारण नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांच्याच राजधानीत मालमोटारवाल्यांनी ठाण मांडले. तेव्हा दिल्लीच्या शेतकऱ्याच्या शांततामय निषेधाच्या हक्काची काळजी वाहणाऱ्या ह्याच गृहस्थांनी आणीबाणीचा कायदा लावला, आंदोलकांची बँकेतली खाती गोठविली. आपल्याकडच्या पुष्कळांना त्याचा फार आनंद झाला. आणखी एक गोष्ट मात्र त्या आनंदात कोणी सांगितली नाही, आणि ती तुमच्या कोठीतल्या तुरीची आहे. २०१९ साली अमेरिका आणि कॅनडा ह्या दोन देशांनी जागतिक व्यापार संघटनेत हिंदुस्थानच्या कडधान्यांच्या हमीभावावर हरकत नोंदविली होती. तूर, हरभरा, मूग, उडीद, मसूर ह्या पाचांना तुम्ही मर्यादेपेक्षा जास्त आधार देता, अशी ती तक्रार. म्हणजे जो देश व्यापाराच्या बैठकीत तुमच्या हमीभावावर बोट ठेवतो, त्याचाच पंतप्रधान हमीभावासाठी बसलेल्या शेतकऱ्याबद्दल कळवळा दाखवितो! कॅनडात पंजाबी मतदार पुष्कळ आहेत, आणि वाटाणा-मसूर पिकविणारे जमीनदारही पुष्कळ आहेत. पुढाऱ्याला दोघेही हवे असतात.

तेव्हा ‘परकीय हात’ हा शब्द ऐकला की तुम्ही गोंधळू नका. परक्याचा हात कधी कधी खराच असतो. प्रश्न निराळा आहे, आणि तो समजण्यासाठी आपल्याच चळवळीचे जुने पान उलटू.

मुंबईच्या गिरण्यांत माणसे पहाटेपासून दिवे लागेपर्यंत राबत. सुट्टीचा दिवस नाही. कामाचे तास बांधून देणारा कायदा करण्याची गोष्ट निघाली, तेव्हा कित्येक देशी वर्तमानपत्रांनी गिल्ला केला की, हे लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचे कारस्थान आहे, देशी धंदा बुडविण्यासाठी हा कळवळा आहे. आता खरे सांगायचे तर लँकेशायरवाल्यांचा स्वार्थ त्यात होताच! ते काही मुंबईच्या कामगारावर माया करणारे साधू नव्हते. परंतु म्हणून गिरणीतल्या बाईची पाठ दुखायची थांबली काय? आमच्या नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी ही मेख ओळखली. ‘दीनबंधु’ पत्र चालविणाऱ्या ह्या सत्यशोधकाने १८८४ साली परळला कामगारांची सभा घेतली आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. लँकेशायरला काय हवे आहे ते त्यांनी विचारले नाही, कामगाराला काय हवे आहे ते विचारले. १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली. आज ज्या घरी रविवारी सुट्टी असते, तिथे हे नाव किती वेळा निघते, ते तुम्ही जाणताच.

परदेशची बातमी आपल्यापर्यंत येताना तिच्यातला कोणता भाग गळतो, ह्याचे उत्तम उदाहरण म्हणजे बांगलादेश. २०२४ च्या जुलैत तिथे विद्यार्थ्यांचे आंदोलन पेटले. ‘आरक्षणाविरुद्ध उठाव’ एवढा मथळा ज्याने वाचला त्याला वाटले की, तिथेही आपल्यासारखेच मागासवर्गीयांचे आरक्षण असेल. वस्तुतः वाद होता तो १९७१ च्या मुक्तियोद्ध्यांच्या वारसांना दिलेल्या शेकडा ३० जागांचा. नातवंडांपर्यंत चालणारा तो वारसाहक्क सत्तेतल्या पक्षाच्या माणसांच्या पदरात पडतो, अशी विद्यार्थ्यांची तक्रार होती. २१ जुलैला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो वाटा शेकडा ५ वर आणला. पण तोवर गोळीबारात शेकडो माणसे मेली होती आणि ५ ऑगस्टला शेख हसीना देश सोडून दिल्लीजवळ उतरल्या. आपल्या गावातल्या दोन पोरांत ह्या मथळ्यावरून भांडण होते. एक म्हणतो, बघा आरक्षणाने देश जळाला. दुसरा त्याच्या अंगावर धावून जातो. खरी हकीकत दोघांनाही ठाऊक नाही. जन्माने मिळणारे आणि पिढ्यान् पिढ्या चालणारे हक्क मोडण्यासाठीच तर आमची सत्यशोधक चळवळ जन्मली. ढाक्याच्या पोरांची ही मागणी आपल्याला परकी वाटायला नको होती.

आणि पुढाऱ्यांनी काय केले? काँग्रेसचे सलमान खुर्शीद म्हणाले की, वरून सारे ठीक दिसले तरी तसे इथेही घडू शकेल. लगेच सत्ताधारी पक्षाने त्यांना अराजक माजविणारे ठरविले. सप्टेंबर २०२५ मध्ये नेपाळात तरुण रस्त्यावर आले, गोळीबार झाला, पंतप्रधान ओली ह्यांनी राजीनामा दिला, तेव्हा संजय राऊत ह्यांनी ही पाळी कोणत्याही देशावर येऊ शकते असे लिहिले, आणि मुंबईत पुन्हा तोच कलगीतुरा. विरोधी पक्षाला परदेशचा मोर्चा म्हणजे धाक घालण्याचा बागुलबुवा, सत्ताधाऱ्याला तो कोणाला तरी देशद्रोही म्हणण्याचे निमित्त. काठमांडूचा तरुण कशासाठी चिडला, त्याला नोकरी का नाही, पोट भरायला आखातात का जावे लागते, ह्याची चौकशी दोघांच्याही भाषणांत मला आढळली नाही. उद्या सत्तेची अदलाबदल झाली तर हेच दोघे एकमेकांची भाषणे वाचून दाखवतील, अशी माझी खात्री आहे.

हे आजचे आहे असे समजू नका. नोव्हेंबर १९१७ मध्ये अथणीच्या सभेत टिळकांनी, तेली-तांबोळी व कुणबी ह्यांना कायदेमंडळात जाऊन काय करावयाचे आहे, अशा अर्थाचा सवाल केला, तो ब्राह्मणेतर समाज आजवर विसरलेला नाही. त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी, जानेवारी १९१८ मध्ये, त्यांच्याच ‘केसरी’त रशियाच्या लेनिनवर लेख आला. सरदारांच्या जमिनी कुळांना वाटल्यामुळे त्याचे वजन वाढले, असे त्यात सांगितले होते. रशियाच्या कुळाने जमीन घेतली तर ती समजण्यासारखी गोष्ट, पण बेळगावकडच्या कुणब्याने कौन्सिलात खुर्ची मागितली की ती थट्टेची! टिळकांचा तुरुंगवास आणि त्यांचा इंग्रजांशी झगडा मी कमी लेखीत नाही. पण लेखणी दूर पाहताना जितकी मोकळी असते तितकी उंबरठ्यावर पाहताना राहत नाही, एवढे ह्यावरून दिसते.

असे का होते, ह्याचे एक कारण बातमी लिहिणाऱ्यांच्या खुर्च्यांत आहे. २०१९ साली ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री ह्यांनी इंग्रजी-हिंदी वृत्तपत्रे, वाहिन्या, मासिके ह्यांची पाहणी केली. वरच्या १२१ जागांपैकी १०६ जागांवर उच्चवर्णीय आढळले. दलित वा आदिवासी एकही नाही. ज्याच्या घरात नांगर नाही त्याला फ्रान्सचा शेतकरी चित्रासारखा दिसतो आणि आपला शेतकरी वाहतुकीला अडथळा दिसतो.

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून हजारो आदिवासी शेतकरी मुंबईला पायी आले. सुमारे १८० किलोमीटर. वनजमिनीचे हक्क द्या, कर्जमाफी नीट करा, हे त्यांचे मागणे. पायांची सालटी निघाली होती. मुंबईच्याच एका खासदारीणबाईंना त्यात शहरी माओवाद दिसला. पण मुलांची दहावीची परीक्षा आहे, सकाळी रस्ता अडायला नको, म्हणून त्या लोकांनी रात्रीच चालून आझाद मैदान गाठले. रस्त्यात मुंबईकरांनी पाणी दिले, चपला दिल्या. १२ मार्चला सरकारने मागण्या लेखी मान्य केल्या. हा मोर्चा परदेशात निघाला असता तर त्याच्यावर आपल्याकडे केवढे अग्रलेख आले असते!

जोतिराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अमेरिकेतील ज्या सज्जनांनी निग्रो लोकांना दास्यातून सोडविले त्यांना अर्पण केली. पुण्यात बसून इतक्या दूरच्या लढ्याकडे पाहणारा हा माळी. पण त्याने ती गोष्ट कोणाला भिववायला वापरली नाही, की आपल्या देशाची बढाई मारायला. तिकडच्या गुलामाच्या पायातली बेडी पाहून त्याने इकडच्या शूद्रातिशूद्राच्या पायाकडे बोट केले. पाहण्याची ही रीत आपली आहे.

म्हणून, चावडीवर वा मोबाईलवर परदेशच्या मोर्च्याची बातमी आली की मागणी काय आहे ते आधी शोधा. दहा ओळींत ती नसेल तर बातमी अर्धी आहे असे समजा. फ्रान्सच्या शेतकऱ्याचे एक मागणे होते की, जी औषधे आम्हाला बंद आहेत ती मारून पिकविलेला परदेशी माल आमच्या बाजारात स्वस्तात आणू नका. ते शेणखताच्या चित्राखाली दडून गेले. आता आपल्याकडे पाहा. ३० मे २०२५ रोजी सरकारने कच्च्या खाद्यतेलावरची मूळ आयातजकात शेकडा २० वरून १० केली. १९ ऑगस्टला कापसावरची शेकडा ११ जकात उठविली, ती वर्षअखेरपर्यंत. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. हिंगोलीच्या आडतीवर तुमच्या पट्टीवर कोणता आकडा आला, ते तुम्ही मला सांगायचे. परदेशचा माल किती जकातीने येतो हे फ्रान्सच्या कुणब्याला तोंडपाठ आहे, म्हणून तो ट्रॅक्टर कोणत्या दारात उभा करायचा ते जाणतो.

घरात जी मुलगी शिकली आहे तिच्याकडून बाजाराच्या दिवशी ही बातमी मोठ्याने वाचून घ्यावी, बायामाणसांनी ऐकावी, आणि भावाची पट्टी शेजारी ठेवावी. कोणाला काही विचारावयाचे असल्यास मी बसलो आहे. विशेषतः मागे बसलेल्या बायांनी विचारावे, त्यांनी अजून तोंड उघडलेले नाही.