मातृत्वाचा भार कोणी वाहावा?



आपल्या ज्ञातीतील मुली आज पदव्या घेऊन नोकरीच्या दारात उभ्या आहेत, आणि आपल्यापैकीच कित्येकांची दुकाने, छापखाने व लहान कारखाने आहेत. कन्येचा पिता आणि नोकरी देणारा मालक हे दोघेही याच मांडवात बसले आहेत. म्हणून आजचा विषय आपल्या घरचाच होय.

मुंबई इलाख्याने प्रसूतिलाभाचा कायदा १९२९ साली केला. त्या विधेयकावर १९२८ साली बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी असे प्रतिपादन केले होते की, मातेची विश्रांती राष्ट्रहिताची असल्यामुळे या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा. पुढे १९६१ च्या केंद्रीय कायद्याने १२ आठवड्यांची पगारी रजा दिली. २०१७ साली ती पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे झाली. हे इष्टच झाले. परंतु रजेचे वेतन मात्र एकट्या मालकावर पडले. मासिक ३०,००० रुपये पगाराच्या स्त्रीसाठी ही रक्कम सुमारे १,८०,००० रुपये होते. बदली माणसाचा पगार निराळाच. मग दहा-बारा नोकरांचा धनी 'लग्न केव्हा?' असे मुलीस विचारतो आणि जागा मुलास देतो. रक्षणासाठी केलेला कायदाच तिच्या वाटेत आडवा येतो!

याउलट १९४८ च्या कायद्याने आलेली कर्मचारी राज्य विमा योजना पाहावी. जुलै २०१९ पासून तीत मालकाची वर्गणी वेतनाच्या ३.२५ टक्के व कामगाराची ०.७५ टक्के ठरली. कामगार पुरुष असो वा स्त्री, वर्गणी एकच. प्रसूतिकाळाचे वेतन सामाईक निधीतून मिळते. स्त्रीस नेमल्याने मालकास एका पैचाही जादा भुर्दंड पडत नाही. मात्र २०१७ साली योजनेची वेतनमर्यादा २१,००० रुपये ठरली आणि त्यावरील पगाराच्या स्त्रिया बाहेर राहिल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने जुने कायदे एकत्र गुंफले. हा भेद मात्र तसाच ठेवला.

सर्वच नोकरदार स्त्रियांचे प्रसूतिवेतन सामाईक निधीतून व सरकारी साहाय्याने दिले जावे, असे आमचे नम्र मत आहे. तशी मागणी संस्थेने ठरावाद्वारे करावी. तोपर्यंत आपल्यातील मालकांनी एवढे तरी करावे: आपल्या कन्येस परक्याने जो प्रश्न विचारू नये असे वाटते, तो परक्याच्या कन्येस आपण विचारू नये.