डोंगर किती सोसतो, हेही मोजू या

परिषदेचे सन्माननीय अध्यक्ष, उद्घाटक, ठिकठिकाणांहून आलेले अभ्यासक, वन आणि पर्यटन खात्यांचे अधिकारी, आणि कास, एकीव, आटाळी, कासाणी या गावांतून आलेले संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांचे सभासद, स्वागत समितीच्या वतीने साताऱ्यात आपले मनापासून स्वागत करतो.

डोंगरी भागातल्या पर्यटनावर देखरेख कशी ठेवायची, या प्रश्नासाठी आपण साताऱ्याला आलात याचा आम्हाला विशेष आनंद आहे. या शहराच्या काही भागात पाणी येते ते कास तलावाचे. तलावाशेजारचे फुलांचे कास पठार २०१२ साली पश्चिम घाटातल्या ३९ स्थळांपैकी एक म्हणून जागतिक वारसा ठरले. त्यामुळे कासच्या रस्त्यावरची हॉटेले, वाहने, सांडपाणी हा आमच्यासाठी पिण्याच्या पाण्याचाही प्रश्न आहे.

मोजणी आपल्याकडे होत नाही असे नाही. कासला हंगामात दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा घातली गेली, आगाऊ नोंदणी आली, शुल्क आले. ते गरजेचेच होते. पण तिकिटांवरून माणसे किती आली एवढेच कळते. कातळावरचा मातीचा पातळ थर किती तुडवला गेला, ‘सीतेची आसवे’ नावाची फुले कुठे फुलायची थांबली, हे त्या आकड्यातून कळत नाही.

कुंपणाचेच पाहा. फुले वाचावीत म्हणून पठाराला जाळी लावली. गावची गुरे बाहेर राहिली, गवत माजले, फुले कमी झाली असे गावकरी सांगू लागले. काही वनस्पतिशास्त्रज्ञांनीही तेच म्हटले, आणि पुढे जाळी काढण्याचा निर्णय झाला. कोण बरोबर, हा वाद आजही ऐकू येतो. जाळीच्या आधीपासून दरवर्षी त्याच ठरावीक तुकड्यांतली फुले, गवत आणि चराई यांची नोंद गावाच्या वहीत होत राहिली असती, तर हा प्रश्न वादावर सोडावा लागला नसता. माझे स्पष्ट मत आहे : ही वही गावाकडेच हवी. अभ्यासकांनी पद्धत शिकवावी, तपासावी. पण पावसाळाभर पठारावर असतात ती इथलीच माणसे.

महाबळेश्वर-पाचगणीला २००१ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र घोषित करताना देखरेख समितीची तरतूद अधिसूचनेतच होती. आता सातारा, जावळी आणि पाटण तालुक्यांत ‘नवीन महाबळेश्वर’ हे नवे गिरिस्थान उभारण्याची तयारी चालू आहे. तिथेही देखरेख सुरुवातीपासूनच हवी. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्याच अतिवृष्टीत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव इथे दरडी कोसळून माणसे गेली. त्या दरडी पर्यटनाने आणल्या असे मी म्हणत नाही. पण त्याच डोंगरात रिसॉर्टसाठी उतार तोडण्याची परवानगी देताना पावसाच्या, झऱ्यांच्या आणि उताराच्या नोंदी टेबलावर असल्याच पाहिजेत. पहिला खड्डा खणण्याआधीची स्थिती लिहून ठेवली नाही, तर नंतर तुलना कशाशी करणार?

मित्रहो, उद्या सकाळी आपण कासला जाणार आहोत. आखलेल्या वाटेवरूनच चालावे ही विनंती. वन व्यवस्थापन समित्यांचे सभासद बरोबर असतील. त्यांना भरपूर विचारा, आणि त्यांनी विचारलेल्या प्रश्नांनाही वेळ द्या. राहण्या-जेवणात काही उणे राहिले तर स्वयंसेवकांना हक्काने सांगा. पुन्हा एकदा सर्वांचे स्वागत करतो आणि उद्घाटकांना दीपप्रज्वलनाची विनंती करतो.