परिचयपत्राची भाषा : थोडके, नेमके आणि खरे

(सुवर्णमहोत्सवी वर्षात समाजातील युवक-युवतींसमोर झालेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



कन्हान नदीच्या काठी, नागपूर-भंडारा महामार्गावर वसलेले मौदा हे धान आणि मिरचीच्या पट्ट्यातील बाजारपेठेचे गाव. अशा गावातील व्यापारी कुटुंबात मुलगा वयात आला की वडिलांच्या शेजारी गादीवर बसे. नागपूरच्या इतवारीतील एखाद्या पेढीवर त्याला कामासाठी ठेवायचे झाले, तर ‘अमक्यांचा नातू’ एवढी ओळख पुरेशी होत असे. घराण्याची पत हेच त्याचे प्रमाणपत्र होते. स्वतःविषयी चार ओळी लिहिण्याचा प्रसंग त्या पिढीवर क्वचितच आला.

आता काळ पालटला आहे. मौद्यातच एनटीपीसीच्या औष्णिक वीज केंद्राने २०१३ साली व्यापारी तत्त्वावर वीजनिर्मिती सुरू केली आणि पुढे त्याची क्षमता २,३२० मेगावॅटपर्यंत पोहोचली. तालुक्यात हिंदाल्कोचा अ‍ॅल्युमिनियमचा कारखाना आहे. बुटीबोरी, हिंगणा आणि मिहान ही औद्योगिक क्षेत्रे रोज ये-जा करण्याच्या टप्प्यात आली आहेत. पुणे, हैदराबाद, बंगळुरू ही शहरेही आता परकी राहिलेली नाहीत. तेथील अधिकाऱ्याला मौद्यातील कोणत्याही घराण्याची ओळख नसते. त्याच्या हाती पडतो तो एक कागद. त्या कागदावरील शब्दांवरूनच उमेदवाराला मुलाखतीस बोलवायचे की नाही, हे ठरते. म्हणून रिझ्युमे, अर्थात परिचयपत्र, कोणत्या भाषेत लिहावे, हा विषय आज प्रत्येक घराचा झाला आहे.

तीन कागद, तीन भाषा

प्रथम एक घोटाळा दूर करणे आवश्यक आहे. आपल्याकडे ‘बायोडेटा’ हा एकच शब्द विवाहासाठीही वापरतात आणि नोकरीसाठीही. परिचय मेळाव्याच्या पुस्तिकेत जन्मवेळ, उंची, वर्ण, गोत्र, मामांचे गाव, बंधू-भगिनींची माहिती असते आणि तेथे ती योग्यही असते. परंतु हाच नमुना थोडा फेरफार करून नोकरीसाठी पाठवला जातो. मग अर्धे पान वडिलांचे नाव, जात, धर्म, वैवाहिक स्थिती यांतच संपते. उमेदवाराला काय करता येते, हे शोधण्यासाठी वाचणाऱ्याला पानाच्या तळाशी जावे लागते. तेवढा वेळ त्याच्याकडे नसतो.

दुसरा कागद शाळेत शिकवलेल्या अर्जाचा. ‘वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज सादर करतो की’ ही सुरुवात मराठी माध्यमातील प्रत्येकाला पाठ असते. अर्ज ही विनंती असते. साहजिकच तिच्यात ‘घरची परिस्थिती हलाखीची आहे’, ‘एक संधी देण्याची कृपा व्हावी’ अशी वाक्ये येतात. शिष्यवृत्तीच्या अर्जात परिस्थितीचा उल्लेख समर्पक असतो. परिचयपत्रात मात्र तो वाचणाऱ्याला संकोचात टाकतो. त्याला हिशेब जुळवणारा, यंत्र चालवणारा किंवा ग्राहकाशी नीट बोलणारा माणूस हवा असतो. त्याने दया दाखवावी, ही अपेक्षाच अस्थानी आहे.

तिसरा कागद म्हणजे खरे परिचयपत्र. ‘रिझ्युमे’ हा शब्द फ्रेंच भाषेतून आला असून त्याचा अर्थ ‘सारांश’ असा आहे. ‘करिक्युलम व्हिटे’ हे लॅटिन शब्द असून त्यांचा आशय ‘जीवनाचा क्रम’ असा होतो. म्हणजे या कागदाने जीवनातील कार्याचा सारांश क्रमाने सांगावा, हे त्याच्या नावातच आले. शासकीय नोकरीच्या विहित नमुन्यात रकाने ठरलेले असतात. परिचयपत्रात रकानेही आपले आणि शब्दही आपलेच. त्यामुळे येथे भाषेची जबाबदारी अधिक.

आनंदीबाईंचे पत्र

या विषयात मराठी माणसाला एक थोर उदाहरण लाभले आहे. जून १८८३ मध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी अमेरिकेत पोहोचल्या आणि पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला त्यांनी प्रवेशासाठी इंग्रजीत पत्र लिहिले. हे पत्र फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात जपलेले आहे.

नोकरीचे परिचयपत्र आणि प्रवेशाचे पत्र यांत भेद आहे. परंतु अनोळखी वाचकाला स्वतःची पात्रता कशी पटवावी, हा प्रश्न दोन्हीकडे एकच. प्रवेशाच्या सर्व अटी आपण पूर्ण करू शकणार नाही, हे आनंदीबाईंनी त्या पत्रात आडपडदा न ठेवता मान्य केले. आपली प्रकृती चांगली असल्याचे त्यांनी कळवले. आप्त आणि ज्ञातिबांधवांचा विरोध पत्करून ज्या निश्चयाने त्या सातासमुद्रापार आल्या, तोच निश्चय शिक्षणही पुरे करवील, असे त्यांनी सांगितले. पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींना वैद्यकीय साहाय्य देणे, हा हेतू त्यांनी स्पष्ट शब्दांत मांडला. पत्रात विनय आहे; परंतु स्वतःसाठी काही मागत नसून या कार्यास सिद्ध होण्यापुरतेच मागत आहोत, असेही त्यांनी नमूद केले.

‘मी निश्चयी आहे’ असे कोरडे विशेषण त्यांनी लावले नाही. निश्चयाचा पुरावा म्हणून प्रत्यक्ष केलेली कृती पुढे ठेवली. उणीव लपवली नाही आणि उणिवेपाशी थांबूनही राहिल्या नाहीत. महाविद्यालयाने त्यांना प्रवेश दिला आणि ११ मार्च १८८६ रोजी त्या एम.डी. झाल्या. प्रभावी भाषेचे सारे मर्म या एका पत्रात सापडते.

विशेषणाऐवजी क्रिया आणि संख्या

आज गावोगावच्या संगणक केंद्रांत परिचयपत्राचा एक तयार नमुना असतो. नाव आणि गुण बदलले की नवा कागद तयार. त्यात पहिलीच ओळ असते : ‘प्रतिष्ठित संस्थेत आव्हानात्मक पद मिळवून स्वतःचा व संस्थेचा उत्कर्ष साधणे’. पुढे ‘हार्डवर्किंग’, ‘सिन्सिअर’, ‘टीम प्लेअर’ ही नावांची माळ. शंभर कागदांत शंभर वेळा हेच वाचल्यावर वाचणाऱ्याच्या मनावर त्याचा काय ठसा उमटणार?

कापडाच्या गठ्ठ्यावर ‘उत्तम’ असा शिक्का मारल्याने कापड उत्तम ठरत नाही. पन्हा किती, सूत कोणते, रंग पक्का की कच्चा, हे गिऱ्हाईक विचारतेच. परिचयपत्र वाचणाराही तसाच चोखंदळ असतो. म्हणून प्रत्येक वाक्याला एक साधी कसोटी लावावी : हे वाक्य दुसऱ्या कोणाच्याही परिचयपत्रात जसेच्या तसे बसेल काय? बसत असेल, तर ते काढून टाकावे.

आपल्या समाजातील मुला-मुलींना हा नियम विशेष उपयोगी आहे. कारण त्यांच्यापैकी अनेक जण ‘अनुभव’ या शीर्षकाखाली ‘नाही’ असे लिहितात. वस्तुतः बारावीपासून ते दुकानात बसत आलेले असतात. घरचे काम म्हणजे काम नव्हेच, अशी समजूत त्यामागे असते. कोणी लिहिलेच तर ‘वडिलांना दुकानात मदत’ एवढेच लिहितो. त्याऐवजी पुढील नमुना पाहावा :

‘कुटुंबाच्या कापड दुकानात तीन वर्षे काम. रोजची खरेदी-विक्री टॅलीमध्ये नोंदवली. दरमहा जीएसटी विवरणपत्रासाठी बिले जुळवून कर सल्लागाराकडे दिली. दर तिमाहीस मालाची मोजदाद करून साठ्यातील फरक शोधला. लग्नसराईत चार विक्रेत्यांच्या कामाची वाटणी पाहिली.’

यात एकही विशेषण नाही. तरीही प्रामाणिकपणा, चिकाटी आणि जबाबदारी हे तिन्ही गुण न सांगता दिसतात. ‘नोंदवली’, ‘जुळवून दिली’, ‘शोधला’ ही क्रियापदे काम सांगतात. ‘तीन वर्षे’, ‘दरमहा’, ‘चार’ हे शब्द त्या कामाचे माप सांगतात. अर्थात, जे केले तेच लिहावे. हा नमुना उतरवून घेण्यासाठी नाही.

भगिनींच्या बाबतीत हा मुद्दा अधिकच महत्त्वाचा. एम.कॉम. झालेली सून आठ-दहा वर्षे घर सांभाळून पुन्हा नोकरीचा विचार करते, तेव्हा मधल्या काळाची तिला लाज वाटते. तो काळ ‘कौटुंबिक जबाबदारी’ अशा एका ओळीत सरळ लिहावा. महिला मंडळाचा जमाखर्च ठेवला असेल, पर्युषण पर्वात भोजनव्यवस्थेची खरेदी व वाटप सांभाळले असेल, तर किती दिवस आणि किती माणसांसाठी, हे आकड्यांसह नमूद करावे. शेकडो माणसांच्या भोजनाचे नियोजन करणारी व्यक्ती अनुभवशून्य कशी म्हणावी?

वाचणाऱ्याचे शब्द

भाषा वाचणाऱ्यासाठी असते. नोकरीच्या जाहिरातीत ‘अकाउंट्स रिकन्सिलिएशन’ असे लिहिले असेल आणि उमेदवार तेच काम ‘हिशेब ताळा’ या नावाने करत आला असेल, तर परिचयपत्रात जाहिरातीतील शब्द वापरावा. अनेक मोठ्या कंपन्यांत आलेले अर्ज प्रथम संगणकाच्या आज्ञावलीतून चाळले जातात. जाहिरातीतील महत्त्वाचे शब्द ज्या कागदात सापडत नाहीत, तो मागे पडण्याचा संभव असतो. मात्र जे येत नाही, त्याचा शब्द केवळ चाळणीतून पार पडण्यासाठी घालू नये.

इंग्रजीचा धाक बाळगण्याचे कारण नाही. छोटी, व्याकरणशुद्ध वाक्ये पुरेशी असतात. अवघड शब्द चुकीच्या जागी बसवण्यापेक्षा सोपा शब्द योग्य जागी असणे केव्हाही श्रेयस्कर. मराठी, हिंदी, मारवाडी किंवा गुजराती येत असल्यास बोलता येते, वाचता येते की लिहिताही येते, हे वेगवेगळे सांगावे. बँक, विमा आणि विक्रीच्या क्षेत्रांत हे भांडवलच आहे. नव्या उमेदवाराचे परिचयपत्र एका पानात मावावे.

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने क्षणात सुंदर परिचयपत्र तयार होते. व्याकरण सुधारण्यासाठी तिचे साहाय्य घेण्यास हरकत नाही. परंतु मुलाखतीत प्रत्येक ओळीवर प्रश्न येऊ शकतो. जे वाक्य तोंडाने समजावून सांगता येत नाही, ते कागदावर राहू देऊ नये.

सत्य आणि संयम

प्रभावी भाषा म्हणजे फुगवलेली भाषा, असा समज पसरत चालला आहे. या ठिकाणी जैन परंपरेने दिलेली शिकवण थेट कामाला येते. आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत ‘कूटलेखक्रिया’ आहे, म्हणजे खोटा लेख तयार करणे. सहा महिन्यांच्या नोकरीचे दोन वर्षे करणे, न केलेला अभ्यासक्रम दाखवणे, साहाय्यक असताना व्यवस्थापक म्हणवणे, हे सारे त्याच सदरात येते. व्यवहारातही त्याचा टिकाव लागत नाही. गुणपत्रिकांची पडताळणी आता ऑनलाइन होते आणि पूर्वीच्या मालकाला दूरध्वनी करणे तर अगदी सोपे आहे. नोकरी लागल्यानंतर खोटे उघडकीस आले, तर नोकरी जाते आणि नावही जाते.

त्याच पाच अतिचारांत ‘साकारमंत्रभेद’ आहे, म्हणजे दुसऱ्याची गुप्त गोष्ट उघड करणे. पूर्वीच्या पेढीचे भाव, ग्राहकांची नावे किंवा नफ्याचे आकडे स्वतःच्या कर्तबगारीचा पुरावा म्हणून लिहिणे त्यात मोडते. नवा मालक असा कागद वाचून प्रसन्न होण्याऐवजी सावध होतो. उद्या आपलेही गुपित हा असाच बाहेर नेईल, हे त्याच्या ध्यानात येते.

मात्र याची दुसरी बाजूही ध्यानी घ्यावी. केलेले काम संकोचाने न सांगणे, हेही सत्याचे पूर्ण दर्शन नव्हे. मापात वाढवून देणारा जसा चुकतो, तसा कमी मापून देणाराही चुकतो. माप बरोबर असावे, हाच व्यापाराचा धर्म आणि तोच परिचयपत्राचाही.

ज्येष्ठांचे कर्तव्य

या कामी वडीलधाऱ्यांचा वाटा मोठा आहे. मुलाने दुकानात काय-काय केले, हे त्याच्यापेक्षा वडिलांना अधिक नेमके आठवते. त्यांनी एका संध्याकाळी त्याच्याजवळ बसून कामांची यादी करून द्यावी. मुलीच्या बाबतीतही तेच. समाजातील नोकरदार, सनदी लेखापाल आणि शिक्षक यांनी महिन्यातून एक दिवस ट्रस्टच्या सभागृहात युवक-युवतींची परिचयपत्रे वाचून दुरुस्त करून दिली, तर सुवर्णमहोत्सवाचे ते एक चिरस्थायी फलित ठरेल. घराण्याची पत पूर्वी मुलाच्या पाठीशी आपोआप उभी राहत असे. आता ती त्याच्या शब्दांतून उभी राहायची आहे. ते शब्द थोडके, नेमके आणि खरे असावेत, हीच या प्रसंगी सर्व युवक-युवतींना शुभकामना.

जय जिनेंद्र.