रंग नको, स्वभाव विचारा

भाड्याने घर बघताना नाव ऐकूनच नकार मिळाला की कसं वाटतं, हे आपल्यातल्या अनेकांना ठाऊक आहे. निवाऱ्यातल्या प्राण्यांचंही तसंच होतं. पिल्लं लवकर घरी जातात. काळी मांजर, म्हातारा किंवा लंगडा गावठी कुत्रा मागे उरतो. खरं तर मोठ्या प्राण्याचा स्वभाव आधीच कळलेला असतो. तो सांभाळणाऱ्याला विचारा, तासभर जवळ बसा.

सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशानुसार भटका कुत्रा दत्तक घ्यायला नगर परिषदेकडे अर्ज करता येतो; तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारी मात्र घेणाऱ्याची.

तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याची हदीस आपण ऐकत आलो. तिथे कुत्र्याचा रंग कुणी विचारला नाही. यवतमाळात आपणही विचारू नये.