घटस्फोट: किती काळ आणि कशासाठी?



वसंतातल्या प्रसन्न संध्याकाळी घटस्फोटाचा विषय कशाला, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. परंतु ज्या घरात हा प्रश्न शिरला आहे, तेथे सगळे ऋतू सारखेच. वकिलाचा जिना चढणारी मुलीची आई आणि मुलाचा बाप दोघेही एकच विचारतात, ‘हे किती दिवस चालणार?’ त्याचे सरळ उत्तर द्यावे, एवढाच आजचा हेतू आहे. मी बोलणार आहे ते हिंदू विवाह कायद्याविषयी. बौद्ध, जैन व शीख यांनाही तोच लागू आहे. इतरांचे कायदे निराळे आहेत.

‘काडीमोड’ हा आपल्याकडचा जुना शब्द. अनेक जातींत पंचांसमोर काडी मोडली की नाते तुटे आणि पुढे पाट लागे. जेथे ही चाल नव्हती, तेथे सुटकेला दारच नव्हते. रखमाबाईंचे उदाहरण आपल्याला ठाऊक आहे. १८८४ साली त्यांच्या नवऱ्याने मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला, पण तो अपिलात टिकला नाही. १८८७ साली ‘नांदायला जा, नाही तर तुरुंगात जा’ असा हुकूम झाला आणि १८८८ साली २,००० रुपये देऊन तडजोड झाली. चार वर्षांनी गाठ सुटली ती निकालाने नव्हे, समेटाने. पुढे १९४७ साली मुंबई प्रांताने घटस्फोटाचा कायदा केला आणि १९५५ साली केंद्राचा हिंदू विवाह कायदा आला.

आज दोन रस्ते आहेत. पहिला भांडणाचा. क्रूरता, व्यभिचार, दोन वर्षे सोडून जाणे अशी कारणे सिद्ध करावी लागतात. एरवी लग्नाला एक वर्ष होईपर्यंत अर्जच करता येत नाही. समन्स बजावल्यापासून सहा महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा, असे १९७६ च्या दुरुस्तीने कायद्यात लिहिले आहे. प्रत्यक्षात वर्षामागून वर्षे जातात. वर अपील आहेच, आणि त्याची मुदत संपेपर्यंत दुसरे लग्न करता येत नाही.

दुसरा रस्ता संमतीचा. तोही १९७६ सालचाच. दोघे एक वर्ष वेगळे राहिलेले असावेत, मग एकत्र अर्ज करावा. त्यानंतर सहा महिने थांबून, परंतु अठरा महिन्यांच्या आत, पुन्हा कोर्टापुढे येऊन ‘आमचा विचार कायम आहे’ असे सांगावे. ‘वेगळे’ म्हणजे दोन घरांतच असे नव्हे. एका छपराखाली राहूनही पतिपत्नीचे नाते उरले नसेल तर ते वेगळे राहणेच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सांगितले.

हे सहा महिने टळतात काय? टळू शकतात. २०१७ साली अमरदीप सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की ही मुदत अपरिहार्य नाही. मात्र पहिल्या अर्जापूर्वीच दीड वर्षाचा दुरावा झालेला असावा, समेटाचे प्रयत्न थकलेले असावेत, आणि पोटगी व मुलांचा ताबा यांचा खरा निवाडा झालेला असावा. पहिल्या अर्जानंतर आठवड्याने ही सवलत मागता येते. लग्न पार मोडले आहे म्हणून थेट गाठ सोडविण्याचा अधिकार मात्र फक्त सर्वोच्च न्यायालयाला आहे, असे २०२३ च्या घटनापीठाने सांगितले. आणि तोही कोणाला हक्काने मागता येत नाही.

आता विलंब कोठे होतो ते पाहू. पत्ता चुकीचा दिलेला असतो, म्हणून समन्स परत येते. नवरा पगार लपवितो, म्हणून अंतरिम पोटगीचा अर्ज रेंगाळतो; वस्तुतः तो साठ दिवसांत निकाली निघावा, असा कायद्याचा संकेत आहे. एक दावा नागपुरात आणि दुसरा परराज्यात लावला की बदलीच्या अर्जातच वर्ष जाते. आणि शेवटचा दोष आपला! ‘त्याला सहजासहजी सोडणार नाही’ या हट्टापायी माणसे स्वतःचीच दहा वर्षे जाळतात.

म्हणून उपाय साधे आहेत. योग्य ठिकाणचे कोर्ट निवडा. पत्नीला स्वतःच्या राहत्या गावीही अर्ज करता येतो. मिळकतीचे प्रतिज्ञापत्र पहिल्याच वेळी खरे आणि पुरे द्या. विनाकारण तारीख मागू नका. मध्यस्थापुढे मोकळेपणाने बसा. स्त्रीधन, राहते घर, मुलाची शाळा, सुट्टीतल्या भेटी, सारे कागदावर आणा. भांडणाचा दावा चालू असतानाही दोघांचे जमले तर तो संमतीचा करता येतो.

एका आडवाटेपासून मात्र सावध करतो. स्टँपपेपरवर नोटरीसमोर सह्या केल्या म्हणजे सोडचिठ्ठी झाली, असे पुष्कळांना वाटते. तसे होत नाही. जेथे रूढी कोर्टात सिद्ध होते तेवढा अपवाद सोडला, तर त्या कागदाने लग्न मोडत नाही. त्याच्या भरवशावर केलेले दुसरे लग्न रद्दबातल ठरते आणि गुन्हाही होतो. भोग येतो तो बहुधा दुसऱ्या पत्नीच्या वाट्याला.

आणि घाईलाही किंमत असते. ‘पोटगीवर पाणी सोड, लगेच सही करतो’ असे सांगून एखाद्या मुलीची सुटका तिच्याच भाकरीच्या मोबदल्यात विकली जाते. तिला हे कळले पाहिजे की हुकूम होईपर्यंत संमती मागे घेता येते. थकलेल्या माणसाची संमती ही संमती नव्हे. कोर्ट दुसऱ्यांदा विचारते ते एवढ्याचसाठी.

तेव्हा कायद्याने ठेवलेला अवधी आणि आपण लावलेला विलंब यांत फरक करायला शिकले पाहिजे. पहिला विचारासाठी आहे. दुसऱ्यात केवळ आयुष्य जाते, आणि घरात मूल असेल तर त्याचे बालपणही. आपल्या नात्यागोत्यात असा प्रसंग आला तर एका पक्षाला चेव आणण्यापेक्षा दोघांना एका टेबलाशी बसविण्याचे काम आपण करावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.